बाबाजानच्या सतरा कुंड्या

सकाळी हॉलमधून चहा घेऊन जाताना सबिहाचा अनवाणी पाय फरशीला चिकटला. कप सांभाळत तिने वाकून पाहिलं. क्रोटनच्या कुंडीशेजारची हातभर जागा चकचकत होती, पाक सांडून वाळावा तशी.

"मुक्ताबाई, काल इथे पोछा मारला होता का?"

मुक्ताबाई मोरीत भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "मारला की भाभी. रोज मारती, रोज चिकाट हुतंय. तुमीच काय सांडता का काय तितं?"

सांडायला या घरात होतं कोण? ती आणि बाबाजान. बाबाजानना कप हातात धरता येत नव्हता, त्यांना चमच्याने पाजावं लागायचं. तिने पायानेच फडकं ओढून जागा पुसली आणि चहा घेऊन नवऱ्यासमोर बसली. एक चमचा, मग रुमालाने हनुवटी, मग दुसरा चमचा. अर्धा कप संपेपर्यंत तिचा स्वतःचा चहा गार झालेला असे. अकरा महिन्यांत तिने गरम चहा प्यायल्याचं तिला आठवत नव्हतं.

बाबाजान शेख एकतीस वर्षं कृषी सहाय्यक होते. त्यातली बरीच वर्षं मिरजगावात गेली. कांद्यावर करपा आला, तुरीत अळी पडली, की शेतकरी सकाळीच दारात उभा. बाबाजान फांदी हातात घेऊन उलटीपालटी करायचे, खिशातलं भिंग काढायचे, आणि माणूस समाधानाने परत जायचा. निवृत्त झाल्यावर दोघं नगरला मुकुंदनगरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. शिवार सुटलं म्हणून त्यांनी हॉलमध्येच शिवार मांडलं. मनी प्लँट, रबर, पाम, ड्रॅसेना, शेफ्लेरा. खिडकीच्या कडेने सतरा कुंड्या. सबिहा कुरकुरायची, की सोफ्यावर बसायचं म्हटलं तर पानं कानात जातात. ते हसायचे.

मग एके दिवशी नमाजाआधीचा वुजू करता करता, हातपाय धुताना ते बाथरूममध्ये पडले. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर भाचा भेटायला आला. सफरचंदं न आणता त्याने लाल-पिवळ्या पानांचं एक क्रोटन आणलं. मामूंना झाडांची आवड, म्हणून. सबिहाने ते खिडकीतल्या जुन्या कुंड्यांना चिकटवून ठेवलं. अठरावी कुंडी मोजायचं तिच्या मनातही आलं नाही. ती सतराच म्हणत राहिली.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला दोन महिने एक मुलगी येत होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कोणती भाषा बोलता? सबिहा म्हणाली होती, उर्दू. म्हणजे नगरची आपली दखनी, पण त्या मुलीला ते कुठे समजावत बसायचं. मुलीने चित्रांचे पत्ते आणले. पानी. खाना. चाय. बाबाजान पत्त्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि दमून डोळे मिटायचे. दोन महिन्यांत 'हां' आला, 'सबी' आलं, आणि एक शिवी आली जी त्यांनी धडधाकट असताना कधी तोंडातून काढली नव्हती. पुढे मुलीचं येणं सबिहानेच थांबवलं. रोज त्यांचं ते हरणं बघवेना.

दिवाळीच्या सुमारास चौथा शब्द आला. खाली.

सबिहा त्यांचे पाय चोळत होती. ते खिडकीकडे बघत होते आणि अचानक स्वच्छ म्हणाले, "खाली."

तिला इतका आनंद झाला की तेलाची वाटी कलंडली. "क्या खाली? गिलास?" तिने ग्लास पाहिला, भरलेला होता. उशाशी पाण्याचा जग, तोही भरलेला. त्यांनी मान हलवली. "खाली," ते पुन्हा म्हणाले, आणि डाव्या हाताने सगळ्या हॉलभर अस्पष्टशी खूण केली.

त्या दिवशी तिला काही कळलं नाही. पण शब्द रोज यायला लागला. खिडकीकडे बघत, कुंड्यांकडे बघत, कधी तिच्याकडे बघत. हळूहळू तिने त्याचा अर्थ लावून घेतला. घर खाली झालं, रिकामं झालं. मुलगी हुमेरा लग्न होऊन पुण्याला गेली, दारात येणारी माणसं मिरजगावातच राहिली, हातातलं बळ गेलं. माणूस आतून रिकामा होतो तेव्हा दुसरा कोणता शब्द बोलेल? आधी ती समजूत घालायची. "खाली कैसा? मैं हूँ ना." पुढे पुढे तिने समजूत घालणंही सोडलं. दिवसातून वीस वेळा कुणी आपलं घर रिकामं आहे म्हणू लागलं, तर ज्याच्या कष्टाने ते घर चालतं त्याला ते लागतंच.

चिकट फरशीचा उलगडा त्या सकाळनंतर दोन दिवसांनी झाला. मुक्ताबाई केर काढताना क्रोटनच्या पानाखाली डोकावली आणि तिने हाक मारली. पानाच्या मागे, शिरेच्या कडेने, कापसाचे बारीक पुंजके बसले होते. बोट लावलं तर पिठासारखं लागलं, आणि पिठाखालून काहीतरी गुलाबीसर हललं. देठावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. शेजारच्या शेफ्लेराच्या पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर होता.

"ह्यो चिकटा हाय भाभी," मुक्ताबाई म्हणाली. "किडं रस पित्यात अन् गोड मुततात. त्येच तुमच्या फरशीवर पडतंय. मी उगाच बोलनी खाल्ली."

मुक्ताबाई पाथर्डीकडची. पंचवीस वर्षं दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मोळी उचलता उचलता कंबर गेली तेव्हा नगरला येऊन चार घरची कामं धरली. तिची पोरं यंदाही कोयते घेऊन गेली होती. तिला उसाची कीड माहीत होती. कुंडीतल्या झाडांचं मात्र तिला नवल वाटायचं, की ज्याला फळ नाही, फूल नाही, त्याला घरात ठेवून पाणी का घालायचं.

सबिहाने एक पान तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. मुक्ताबाईला तासभर बाबाजानजवळ बसवलं आणि ती रिक्षाने भिंगारच्या वाटेवरच्या नर्सरीत गेली. तिथला मालक अमृत तिला ओळखत होता. पिशवी न उघडताच त्याने सांगितलं, "पिठ्या ढेकूण. साहेब असते तर त्यांनीच मला सांगितलं असतं." मग त्याला वाईट वाटलं असावं. त्याने साहेबांची तब्येत विचारली आणि कपाटातून एक उग्र औषध काढलं.

"हे घरात मारलं तर चालेल का? त्यांना सारखा खोकला असतो."

अमृतने बाटली परत ठेवली. त्याऐवजी निंबोळी तेल दिलं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर तेल, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, चांगलं हलवायचं, पानाच्या मागून मारायचं. त्याआधी दिसतील तेवढे किडे स्पिरिटच्या बोळ्याने टिपून काढायचे. आठवड्याने परत. असं तीन-चारदा. "एकदा मारून जात नाहीत," तो म्हणाला. "अंडी राहतात."

स्पिरिट घरात होतंच, बाबाजानची पाठ पुसायला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ स्पिरिट आणि पावडर लावावी लागे. आता सबिहा आधी नवऱ्याची पाठ पुसायची आणि मग त्याच कापसाच्या गुंडाळीतून नवे बोळे करून झाडांची पानं. एकेक पान तळहातावर उताणं घ्यायचं, शीर न शीर पुसायची, बोळा डब्यात टाकायचा. मोठ्या रबराला चाळीस पानं होती. पामाची तर मोजायचीच सोय नव्हती. दुपारी दोन तास मिळायचे, ज्यात ती पूर्वी आडवी व्हायची, ते यात गेले. हॉलभर निंबोळीचा कडवट वास भरला आणि तो तिच्या ओढणीला, उशीला, पोळीच्या घासालासुद्धा येऊ लागला.

ती फवारायला लागली की बाबाजान अस्वस्थ व्हायचे. "खाली," ते म्हणायचे. मग जोराने, "खाली. खाली." डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर मारायचे. तिला वाटायचं त्यांना वास सहन होत नाही. ती खिडकी उघडायची. तरी ते मारतच राहायचे.

तीन आठवडे झाले. पानं पुसून पुसून आरशासारखी झाली, पण झाडं काही उभारी धरेनात. रबराची खालची पानं पिवळी होऊन गळाली. ड्रॅसेना मलूल झाला. तहानलेली दिसतात म्हणून तिने पाणी वाढवलं, तर आणखी मान टाकली. आणि चौथ्या आठवड्यात क्रोटनच्या देठाशी पुन्हा पांढरे पुंजके.

तिने बोळा हातात घेतला आणि तो तसाच धरून ती फरशीवर बसून राहिली.

"खाली," बाबाजान खुर्चीतून म्हणाले.

"हां, खाली," ती एकदम बोलली. "सब खाली. मेरे हाथां भी खाली. अब क्या करूं बोलो?" इतक्या मोठ्याने ती त्यांच्यावर कधी बोलली नव्हती. बाबाजाननी मान फिरवली. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. लुळ्या बाजूच्या डोळ्यातून तर ते नेहमीच येत असे. तिने दोन्ही पुसले आणि माफी मागायचं राहूनच गेलं, कारण कुकर शिट्टी देत होता.

संध्याकाळी हुमेराचा फोन आला. सबिहाने तिला सगळं सांगितलं. हुमेरा पुण्याला नोकरी करते, घरी दोन लहान मुलं. तिच्या आवाजातही थकवा होता. "अम्मी, फेंक दो सब," ती म्हणाली. "तुम एक आदमी को संभालतीं, वोच बहुत है. झाडां कायको संभालतीं? अब्बा को मैं समझाती." तिने फोन स्पीकरवर ठेवायला लावून अब्बांना समजावलंही. बाबाजान ऐकत राहिले. 'हां' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सबिहाने मुक्ताबाईला सांगितलं, घंटागाडी यायच्या आत एकेक कुंडी खाली नेऊन ठेव. मोठ्या कुंड्या वॉचमन उचलेल. पदर खोचून मुक्ताबाईने आधी क्रोटनच उचललं, कारण सगळ्यांत जास्त राग त्याच्यावरच होता.

दाराकडे जाताना तिला बाबाजानच्या खुर्चीजवळून जावं लागलं. त्यांनी डावा हात पुढे करून कुंडीची कड धरली. धरली ती सोडेनात.

"साहेब, सोडा. हात कापंल."

"खाली," ते म्हणाले. मान ताठ झाली, ओठ वाकडे झाले. "खाली. मु... मु..."

"सोडवून घे," सबिहा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "दोन महिने हेच चाललंय त्यांचं. घर खाली झालं म्हणतात. सगळं रिकामं झालं म्हणतात."

मुक्ताबाईने कुंडी तशीच धरून तिच्याकडे पाहिलं. "रिकामं कशाला म्हनतील, भाभी? मानूस कुंडीला हात लावून बोलतोय. खाली म्हनत्यात. खाली, बुडाला." आणि बाबाजानकडे वळून तिने विचारलं, "बुडाला हाय का काय, साहेब? मुळाला?"

बाबाजानचा हात कुंडीवरून गळून पडला. ते म्हणाले, "हां."

मुक्ताबाईने तिथेच बसकण मारली. कुंडी आडवी केली, बुडाला दोन धपाटे घातले आणि झाड मातीच्या गोळ्यासकट ओढून काढलं. कुंडीच्या आतल्या बाजूने चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा पट्टा होता. मातीच्या गोळ्यावर मुळं दिसत नव्हती, कापूसच दिसत होता. त्यात पिठाळ किडे हलत होते, आणि उजेड पडताच मुंग्या अंडी तोंडात धरून सैरावैरा धावायला लागल्या.

"आगं आई," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "आमच्याकडं उसात हुमनी पडती, मुळं खानारी अळी, तशीच गत. वरून पाला हिरवागार, अन् हाताला धरून वढलं की आख्खं बेट उपटून येतंय. वर किती बी औषीद मारा, मूळच न्हाई तर काय." तिने ड्रॅसेनाची कुंडी उलटी केली. तिथेही तेच. शेफ्लेरालाही.

सबिहा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर मिरजगावचं अंगण आलं. ओट्यावर टेकलेला शेतकरी, त्याच्या हातात उपटून आणलेलं रोप, आणि भिंग डोळ्याला लावून बाबाजान म्हणतायत, वर काही नाही, पाटील, खाली बघा, मुळाशी. एकतीस वर्षं कीड त्यांनी मराठीतच पाहिली होती, मराठीतच मारली होती. घरात उंबऱ्याच्या आत आले की ते दखनी बोलायचे, सालन में नमक कम है, हुमेरा स्कूल गई क्या. ती आतली भाषा मेंदूतून पुसली गेली असेल आणि बाहेरची थोडी उरली असेल, असं तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. दोन महिने ते साहेब म्हणून बोलत होते आणि ती बायको म्हणून ऐकत होती.

ती त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिने मराठीत विचारलं, बाजारात भाजीवाल्याला विचारावं तसं अवघडत, "मुळं धुवायची का?"

बाबाजाननी तिच्याकडे पाहिलं. "धुवा," ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस घराची दैना झाली. गॅलरीत जुनं प्लास्टिक अंथरलं. मुक्ताबाईने दुसऱ्या घरी आजारपणाची थाप मारून एक वेळ जास्तीची काढली. प्रत्येक झाड कुंडीतून काढायचं, माती पोत्यात भरून तोंड बांधायचं, मुळं नळाखाली धुवायची, सडलेली कापायची, मग टबातल्या निंबोळीच्या पाण्यात अर्धा तास बुडवायची. कुंड्या उकळत्या पाण्याने खळबळून उन्हात पालथ्या घालायच्या. अमृतने नवी माती, शेणखत आणि नारळाचा भुसा टेम्पोने पाठवला आणि फोनवर म्हणाला, "मुळं बघायचं मलाच सुचायला हवं होतं. साहेबांना सलाम सांगा."

बाबाजानची खुर्ची गॅलरीच्या दारात लावली होती. मुक्ताबाई एकेक झाड त्यांच्यासमोर धरायची. ते मुळांकडे बघायचे आणि मान हलवायचे, हो किंवा नाही. सबिहाला वाटलं होतं ते सगळी वाचवायला लावतील. पण त्यांनी ड्रॅसेना टाकायला लावला, दोन्ही पाम टाकायला लावले. बारा वर्षं जपलेला रबर समोर आला तेव्हा मुक्ताबाईच म्हणाली, "ह्येला ठिऊ या का साहेब, लई जुनं हाय." त्यांनी मुळांना बोट लावलं. बोटाला काळा लगदा लागला. त्यांनी नाही अशी मान हलवली. क्रोटनबद्दल कुणी विचारलंच नाही, ते आधीच पोत्यात गेलं होतं.

आणखी तीन कुंड्या गेल्या आणि दहा झाडं राहिली. ती एकमेकांपासून हात-हात लांब ठेवायची, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि ते समजायला दोघींना अर्धी सकाळ लागली. एकदा चुकीचा अर्थ घेऊन त्यांनी कुंड्या बेडरूममध्ये नेल्या, परत आणल्या. महिन्याभराने त्यातलं मनी प्लँट गेलं. बाकीच्यांना बारीक पालवी फुटली. कीड अधूनमधून अजून दिसते. सबिहा दर शुक्रवारी नमाजनंतर कुंड्या तपासते, पानं वळवून आणि काडीने माती उकरून.

व्यायामवाल्या मुलीला सबिहाने परत बोलावलं. ती मराठी पत्ते घेऊन आली. फार मोठा चमत्कार झाला नाही. रमजानला पंधरा दिवस राहिले तोवर बाबाजानकडे बारा-तेरा शब्द जमले होते: पाणी, ऊन, माती, नको, दुखतंय. हुमेराशी फोनवर ते 'पोरी' म्हणाले तेव्हा ती गोंधळली, कारण अब्बांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. मग ती रडली. वाक्य अजून एकही नाही. सबिहाला मराठीत त्यांच्याशी बोलताना अजून परकं वाटतं. बेचाळीस वर्षं ज्याच्याशी एका भाषेत भांडली त्याला आता 'जेवलात का' विचारायचं. कधी ती दखनीत सुरू करते आणि अर्ध्यात बदलते.

अशाच एका दुपारी तिने त्यांची पाठ पुसली, कुशीवर वळवलं, चादर बदलली, औषधाच्या गोळ्या कुटून दुधातून पाजल्या. वळवताना तिच्या स्वतःच्या कमरेत कळ आली. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि क्षणभर डोळे मिटून बसली.

"दमलीस?" बाबाजान म्हणाले.

हा शब्द पत्त्यांवर नव्हता. मुलीने तो शिकवलेला नव्हता. सबिहाने डोळे उघडले. ते तिच्याचकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. कुणी विचारलं की ती 'नहीं जी, ठीक हूँ' म्हणायची. हुमेराला हेच, जावांना हेच, मोहल्ल्यातून चौकशीला येणाऱ्या बायकांना हेच.

"हो," ती मराठीत म्हणाली. "लई दमले."

त्यांनी डाव्या हाताने चादर चाचपली आणि स्वतःच्या शेजारची थोडी जागा मोकळी करायचा प्रयत्न केला. जागा काही झाली नाही, त्यांचं अंग हललंच नाही. सबिहाने त्यांना सरकवून घेतलं, नेहमीसारखं, खांद्याखाली हात घालून. मग ती त्या कडेवर आडवी झाली. आत ओट्यावर दुधाचं पातेलं उघडंच राहिलं होतं.